कोरलेली भुवई आणि पंधरा दिवसांचं पाणी



आज मी भुवयांबद्दल बोलणार आहे. हसू नका. आरोग्यसेविका म्हणून मी उपकेंद्रात बसते, तिथे ताप, खोकला, बाळंतपण हेच विषय रोजचे. पण गेल्या उन्हाळ्यात एक बाई कपाळावरून पदर ओढून आली. पदर बाजूला केला, तर उजवी भुवई टम्म सुजलेली, तिच्यातून पिवळा पू येत होता. पापणीही सुजून डोळा अर्धा मिटला होता.

झालं होतं असं. भावाचं लग्न होतं. धाकट्या बहिणीने आग्रह करून तिला तालुक्याच्या पार्लरमध्ये नेलं आणि दोन्ही भुवया कोरून घेतल्या. शेळी विकून आलेल्या पैशातून थोडे बाजूला ठेवले होते, ते त्यात गेले. चौथ्या दिवशी पाटाला पाणी सुटलं. पाहुणे येणार, म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या होत्या. पाटाचं पाणी काही आपल्यासाठी थांबत नाही. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दिवसभर गोधड्या आपटत होती, आणि ऊन फार झालं म्हणून शेवटी दोन डुबक्याही मारल्या.

मी विचारलं, "पार्लरवालीनं सांगितलं नव्हतं का?"

ती म्हणाली, "सांगितलं होतं ताई, पाणी लावू नका म्हणून. पण सासूबाईंना काय सांगू? नटायला पैसे घातलेस, आणि आता कामालाही नको?"

मैत्रिणींनो, तिचं हे उत्तर मी विसरू शकत नाही. नियम तिला माहीत होता, पण तो पाळायची सोय तिच्याकडे नव्हती. म्हणून आज नियम काय ते सांगतेच, पण तो आपल्या घरात पाळायचा कसा, तेही बोलूया.

आधी एक फरक लक्षात घ्या. दोऱ्याने आयब्रो करतो ते वेगळं. त्यात केस उपटले जातात, थोडी आग होते, संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. आयब्रो टॅटू किंवा मायक्रोब्लेडिंग म्हणतात ते गोंदण आहे. आपल्या आज्यांच्या हातावर तुळशीवृंदावन असायचं, हनुवटीवर ठिपके असायचे, त्याच जातीचं. मशीनची सुई कातडीला बारीक भोकं पाडते, नाहीतर सुयांच्या बारीक पात्याने केसासारख्या चिरा पाडतात, आणि त्यांत रंग भरतात. वरून तो मेकअप दिसतो. खरी ती जखम असते. गुडघा खरचटला तर आपण त्याला जखम म्हणतो. भुवई सुंदर दिसते, म्हणून तिला जखम म्हणायचं आपल्या जिभेवर येत नाही.

कातडी म्हणजे आपल्या अंगाची भिंत. त्या भिंतीला शेकडो भोकं पडली, की ती बुजेपर्यंत बाहेरचं आत जाणार. पाण्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नदीत वरच्या गावचं सांडपाणी येतं, पाटात गुरं बसतात, विहिरीत पाला कुजतो, शेततळ्याचं पाणी महिनोन्‌महिने एका जागी उभं असतं. पोहण्याच्या तलावात औषध टाकतात खरं, पण त्याने ताजी जखम चरचरते, आणि सगळेच जंतू त्याने मरतात असंही नाही.

कोकणातल्या बहिणी म्हणतील, आमचा समुद्र खारा आहे, मिठाने जखम बरी होते. तसं नाही. खाऱ्या पाण्यात राहणारे जंतू वेगळे असतात. 2017 साली डॉक्टरांच्या एका नियतकालिकात अमेरिकेतल्या माणसाची हकिगत छापून आली होती. वय 31. पायावर टॅटू काढला आणि पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहायला गेला. समुद्राच्या पाण्यातला जंतू त्या जखमेतून आत शिरला. त्याचं यकृत आधीपासून खराब होतं. दोन महिने दवाखान्यात झुंजला, पण वाचला नाही. असं फार क्वचित घडतं. घाबरवायला सांगत नाही. खारं पाणी म्हणजे औषध, हा समज तेवढा मनातून काढा.

आता दिवसांचा हिशोब सांगते. पहिले एक-दोन दिवस भुवई लाल असते, थोडी सुजते, पाण्यासारखा चिकट स्राव येतो. रंग इतका काळा दिसतो की बाई आरशात बघून घाबरते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बारीक खपली धरते, खाज सुटते. साधारण आठ ते चौदा दिवसांत खपल्या आपोआप गळतात. तेव्हा रंग फिका वाटतो, पैसे पाण्यात गेले असं वाटतं, पण तो हळूहळू वर येतो. आतली कातडी नीट भरून यायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच राहिलेला रंग भरायला पार्लरवाली महिना-दीड महिन्याने परत बोलावते.

या काळात खपली भिजत राहिली तर फुगते, मऊ होते आणि वेळेआधी निघते. तिच्याबरोबर रंगही जातो आणि भुवई ठिगळासारखी दिसते. ते एक वेळ चालेल. जंतू शिरले तर डोळ्याजवळचा भाग आहे, तिथे सूज पसरायला वेळ लागत नाही.

म्हणून नियम असा. पोहणं, डुबकी, नदी, विहीर, पाट, तळं, समुद्र, वॉटरपार्क हे सगळं निदान दोन आठवडे, आणि खपली पूर्ण गळेपर्यंत, बंद. चार आठवडे थांबता आलं तर उत्तम. साखरेचा आजार असेल तर जखम उशिरा भरते, तिने चारच आठवडे धरावेत, आणि मुळात साखर ताब्यात असल्याशिवाय जाऊच नये. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर हे काम पुढे ढकला.

मग आंघोळच करायची नाही का? करायची. थेंब उडाला म्हणून काही बिघडत नाही. भिजत राहणं वाईट. गळ्याखालून आंघोळ करा. तोंड धुण्याऐवजी ओल्या फडक्याने गाल, नाक, हनुवटी पुसून घ्या. न्हायचं असेल तर मान मागे टाकून बसा, आणि जावेला नाहीतर लेकीला पाणी घालायला सांगा, म्हणजे साबणाचा फेस कपाळावरून भुवईवर उतरणार नाही. भुवईवर चिकट झालं तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवा, पिळून घ्या आणि हलकेच टिपा. चोळू नका. त्याआधी हात साबणाने धुवा.

आपल्याकडच्या काही गोष्टी पार्लरमधल्या छापील कागदावर नसतात, त्या मी सांगते.

पहिली, घाम. रोपलावणीत वाकून, खुरपणीत उन्हात, चुलीपुढे भाकऱ्या थापताना घाम कपाळावरून थेट भुवईत येतो. सुती फडकं जवळ ठेवा आणि भुवईच्या वर कपाळ टिपत राहा. भात शिजताना पातेल्यावर वाकू नका, वाफ लागते. लावणीच्या दिवसांत भुवया कोरायला जाऊच नका. चिखलाचा हात नकळत कपाळाला लागतोच.

दुसरी, कुंकू. घामाबरोबर ते ओघळतं. पंधरा दिवस टिकली लावा, भुवईपासून लांब.

तिसरी, हळद. नवरीच्या भुवया लग्नाच्या आठ दिवस आधी कोरतात, आणि मग हळदीला पाच सवाष्णी तोंडभर हळद चोळतात, वरून पाणी ओततात. कोरायच्याच असतील तर लग्नाआधी दीड-दोन महिने कोरा. उशीर झाला असेल तर लग्न होऊ द्या, मग बघा. बाकीच्यांनीही आपलं पंचांग बघावं. आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेत स्नान करायचं असेल, संक्रांतीला नदीवर जायचं असेल, गौरी-गणपती विसर्जनाला पाण्यात उतरायचं असेल, तर त्याआधीचा महिना टाळा.

चौथी, घरगुती लेप. खोबरेल, तूप, चुना, राख, टूथपेस्ट, कोरफड, काहीही लावायचं नाही. मेडिकलमधून गोरं होण्याचं मलम आणून तर मुळीच नाही. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने जखम उशिरा भरते. पार्लरवालीने दिलेलं मलम असेल तर नावाची नळी बघा. उघड्या डबीतून बोटाने काढून दिलेलं घेऊ नका.

आणि समजा चुकून पाण्यात पडलात, पावसात चिंब झालात, तरी धीर सोडू नका. घरी या, हात धुवा, उकळून गार केलेल्या पाण्याने भुवई हलकी धुवा, स्वच्छ फडक्याने टिपून कोरडी करा आणि दोन-तीन दिवस लक्ष ठेवा.

कशावर लक्ष ठेवायचं? पहिल्या दोन दिवसांची लाली कमी होत गेली पाहिजे. तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढत असेल, ठणका असेल, हात लावला तर गरम लागत असेल, पू किंवा वास येत असेल, ताप आला असेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात या. पापणी सुजून डोळा उघडत नसेल, डोळा फिरवताना दुखत असेल, अंधुक दिसत असेल, तर रात्र काढू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालय गाठा. आणि आल्यावर खरं सांगा, भुवया कोरल्या होत्या, पाण्यात गेले होते. आम्ही हसणार नाही. आम्हाला कळलं तर औषध लवकर आणि नेमकं देता येतं.

जायच्या आधी दोन गोष्टी बघा. सुई बंद पाकिटातली आहे का, आणि ती तुमच्यासमोर फोडली का. एकीची सुई दुसरीला लावली तर कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही हे आजार रक्तातून येऊ शकतात. जत्रेत गोंदून घेतानाही हेच बघायचं. रंगात नळाचं पाणी मिसळताना दिसलं तर उठून या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं तेही आठवा, आठवत नसेल तर आमच्याकडे विचारा.

दुसरी गोष्ट. भुवया आपोआप विरळ झाल्या म्हणून कोरायला निघाला असाल, तर आधी आमच्याकडे या. थायरॉइडने भुवई गळते. कुष्ठरोगातही गळते, आणि त्यासोबत अंगावर एखादा बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो. रंगाने भुवई भरली तर आजार तेवढा झाकला जातो.

आता परत त्या बाईकडे येते. तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, औषधं चालू झाली, डोळा वाचला. उजव्या भुवईचा निम्मा रंग गेला आणि तिथे बारीक वण राहिला. लग्नाच्या फोटोत ती पदराआड आहे.

पण पुढे काय झालं ते ऐका. महिन्याभराने बचत गटाच्या बैठकीत तिने स्वतःच हे सगळं सांगितलं. थोडी कुजबुज झाली. मग एक म्हातारी सदस्य म्हणाली, "अगं, मला सांगायचंस ना. माझ्या सुनेच्या हातून धुऊन आणल्या असत्या तुझ्या गोधड्या." त्या दिवशी गटाने ठरवलं. कुणाच्याही अंगावर जखम असेल, टाके असोत, भाजलेलं असो, नाहीतर कोरलेली भुवई असो, तिचं पाण्याचं काम पंधरा दिवस वाटून घ्यायचं. एकीने धुणं, एकीने हंडे. बदल्यात तिने कोरडं काम करायचं: धान्य निवडणं, गटाची वही लिहिणं, पोरं सांभाळणं. जखम कशाची, हे कुणी विचारायचं नाही.

मला हा ठराव फार आवडला. "पाण्यापासून लांब राहा" हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. पण आपल्यातल्या बाईचा दिवस पाण्यातच सुरू होतो आणि पाण्यातच संपतो. पाणी भरायचं तिने, धुवायचं तिने, सारवायचं तिने. तिला लांब राहायचं असेल, तर तिच्या जागी दुसरं कुणीतरी जवळ गेलं पाहिजे. घरातले पुरुषही हंडा उचलू शकतात, त्यांचे हात काही लाकडाचे नाहीत.

आणि सासूबाई ऐकत असतील, तर त्यांनाही हात जोडून सांगते. सुनेनं भुवई कोरली ती चूक की बरोबर, त्यावर सवडीने बोला. पण कोरून झाली असेल, तर ती आता जखम आहे. जखमेला पंधरा दिवस द्या.

येत्या बैठकीत तुमच्या गटात हा विषय काढा. चार जणी हसतील, पाचवी गप्प बसेल. त्या पाचवीकडे लक्ष द्या.

येते मी. नमस्कार.