श्रावणात गळ घरी

फ्लाय फिशिंग शिकलेली तरुण मुलं मला विचारतात, "सर, आपल्या नर्मदेत महसीर मासा मिळेल का?" ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. पिसं आणि दोरा बांधून गळाला माशीचं किंवा अळीचं रूप द्यायचं. त्या आमिषाला वजन जवळजवळ नसतंच. फेक जाते ती जाड दोरीच्या वजनावर. मासा धरायचा, पाहायचा आणि सोडायचा.

पण सोडला म्हणजे जगला असं नाही. माझ्या हातून एक मासा गेला आहे. फोटोसाठी मी त्याला कोरड्या हातांनी धरून फार वेळ पाण्याबाहेर ठेवलं. सोडल्यावर तो कुशीवर तरंगत गेला. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून जपतो, आणि कोरडा तळवा तोच पुसून नेतो. तेव्हापासून गळाच्या टोकाजवळचा उलटा दात मी आधीच पकडीने दाबून टाकतो, हात भिजवतो, मासा पाण्यात ठेवूनच गळ काढतो. प्रवाहाकडे तोंड करून धरला की कल्ल्यांतून पाणी खेळतं. त्याने शेपटीचा झटका दिला की बोटं सैल करायची.

आणि प्रवाहच नसेल तर? महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरची नर्मदा आता सरदार सरोवराचं तुंबलेलं पाणी आहे. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, 2019 मध्ये पाणी 138.68 मीटरला पोचलं. मध्य प्रदेशाने राज्यमासा म्हणून गौरवलेली ही महसीर वाहत्या पाण्याची. पावसाळ्यात ती खडीच्या तळाकडे चढते. तिची अंडी जड, तळाशी बसणारी. गाळात ती गुदमरतात. मग उरतात नर्मदेला मिळणाऱ्या उदईसारख्या नद्यांची आणि ओढ्यांची तोंडं. नेमका तिथेच मासा गळाला सोपा. म्हणून आषाढ ते भाद्रपद तिथे उभंच राहू नये, सोडून देणार असलो तरी.

कुणी म्हणतं, बाहेरून माशांचं बीज आणून सोडू. घाई नको. लोणावळ्याला वाढवलेली निळ्या परांची महसीर कावेरीत गेली, आणि कावेरीची स्वतःची कुबड असलेली महसीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. त्याची कारणं अनेक, पण हे त्यातलं मोठं.

शिवाय नर्मदेचं हे पाणी कुणाचं तरी आहे. मणिबेलीसह अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांतली 33 गावं सरदार सरोवराने बाधित झाली. शेतं बुडालेल्या आदिवासी कुटुंबांनी मच्छीमार सहकारी संस्था काढल्या. आज त्या पाण्यातल्या जाळ्यावर घर चालतं. आपण मासा सोडतो याचा मोठेपणा त्यांच्यापुढे मिरवू नये. आधी गावात जावं, विचारावं, होडी त्यांचीच घ्यावी, घासाघीस करू नये. तुटलेला नायलॉनचा दोरा खिशात घालून परत आणावा. पाणी उतरलं की तो काठावर शेळ्यांच्या पायात गुंततो.

कुठल्या ओढ्यात महसीर कधी चढते, हे होडीवाल्याला ठाऊक असतं. तो "इथे नको" म्हणाला की दोरी गुंडाळावी.