शिंपला कीं खेकडा?

मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली म्हणजे खडकांवर पांढुरके, टोंकाशीं तोंड असलेले बारीक शंकु चिकटलेले दिसतात. अनवाणी चालणाराचे पाय त्यांनीं हटकून कापतात. हे बार्नेकल नांवाचे प्राणी. बाहेरचें चुन्याचें कवच पाहून क्युव्हिएसारख्या पंडितानेंहि त्यांना शिंपल्यागोगलगाईंच्या, म्हणजे मृदुकाय, वर्गांत बसविलें. घर पाहून आंतला माणूस ओळखण्यासारखेंच हें!

आयर्लंडांत कॉर्क येथें लष्करी डॉक्टर असलेल्या जॉन वॉन थॉम्प्सन ह्यानें समुद्रांतले कांहीं सूक्ष्म, पोहणारे जीव धरून काचेच्या भांड्यांत ठेवले. पाहतां पाहतां ते तळाशीं चिकटले, त्यांनीं कात टाकली आणि त्यांचे बार्नेकल झाले! १८३० सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. त्या पिलांना सांध्यांचे पाय होते, आणि मृदुकायांना असे पाय कधींच नसतात. अर्थात् हा प्राणी खेकडे व कोळंबी ह्यांचा भाऊबंद ठरला. मोठेपणींहि ते पाय जात नाहींत. भरती आली कीं कवचाचें झांकण उघडून सहा जोड्या पिसांसारख्या बाहेर येतात आणि पाण्यांतलें अन्न आंत ओढतात. पुढें डार्विननें ह्या एकाच गटाच्या अभ्यासांत १८४६ पासून आठ वर्षें घालविलीं.