परदेशी कंपनी सुटे भाग कोठून घेते?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



मी डिप्लोमा झालेला सरकारी नोकर, अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. पण मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत आपल्यातल्या अनेकांची वर्कशॉपे आहेत, म्हणून हा विषय घेतला.

परदेशी कंपनी आपल्यासारख्या देशात येते तेव्हा तिच्यापुढे तीन वाटा असतात. सुटे भाग मायदेशातून आणायचे, इथे स्वतः बनवायचे, की इथल्या कारखानदाराकडून घ्यायचे? हे ठरवताना ती नुसता नगाचा भाव पाहत नाही. जहाजभाडे, आयात-जकात, गोदामात अडकलेला पैसा, नापास होणारे नग, चलनाचा दर आणि सरकारचे नियम, असे सगळे धरून हिशेब होतो.

मारुतीचेच पाहा. डिसेंबर 1983 मध्ये गुडगावहून पहिली गाडी बाहेर पडली, तेव्हा बहुतेक भाग जपानचे होते. देशी भागांचे प्रमाण वाढवत न्यायचे, ही सरकारची अट होती. त्यातच 1985 च्या प्लाझा करारानंतर येन महागला. सुमारे 240 येनला मिळणारा डॉलर 1987 पर्यंत 150 येनच्या आसपास आला. जपानी भाग परवडेनासे झाले. मग मारुतीने इथल्या उद्योजकांना जपानी तंत्रज्ञानाची जोड मिळवून दिली, काही ठिकाणी स्वतः भांडवल घातले. 2017 मध्ये आपल्या गुजरातेत हंसलपूरला सुझुकीचा कारखाना सुरू झाला, तेव्हा पुरवठादारही मागोमाग आले.

दुसरी बाजूही सांगतो. माझ्या मामांचे वर्कशॉप एकाच परदेशी कंपनीला माल देई. "अरे, बारा वर्षांत एक लॉट परत आला नाही!" असे मामा अभिमानाने सांगत. एके वर्षी कंपनीने तोच भाग दुसऱ्या देशातून घ्यायचे ठरवले. तीन महिन्यांत आठ कामगार घरी बसले. मामांच्या कामात खोट नव्हती. पण शहाणी कंपनी एका भागासाठी दोन पुरवठादार ठेवते, आणि मामांनी गिऱ्हाईक एकच ठेवले होते.

म्हणून तरुणांना सांगणे एवढेच, की तपासणीचे कागद चोख ठेवा, डिझाइन शिका आणि निम्म्याहून जास्त धंदा एका गिऱ्हाइकावर ठेवू नका. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले ते हाताला कसब मिळावे म्हणून. ते कसब आपल्याकडे आहे. त्याला हिशेबाची जोड द्या.

गणपती बाप्पा मोरया!