खोक्यांचा यंत्रमानव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर या खोलीत मी सतरंज्या अंथरायला, चहा गाळायला आणि हळदीकुंकवाची तयारी करायला उभी राहिले आहे. बोलायला म्हणून आजच पहिल्यांदा उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. परंतु गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसबाई आमच्याकडे आल्या, दिवाणाशेजारी उभा असलेला पुठ्ठ्याचा यंत्रमानव त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, “वर्धापनदिनाला यावरच बोला. कसा केला ते सांगा, आणि काय काय चुकले तेही सांगा.” चुकलेले सांगायचे म्हणजे मला पुष्कळच बोलता येईल, म्हणून हो म्हटले.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास आपले चांद्रयान चंद्रावर उतरले, ते तुम्ही सर्वांनी पाहिलेच असेल. आमच्या घरी त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजायचेही कोणाला भान नव्हते. त्या यानातून पुढे प्रज्ञान नावाची सहा चाकांची गाडी चंद्रावर उतरली. तिचे वजन अवघे २६ किलो, म्हणजे आपल्या भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षाही कमी. माणूस बरोबर नाही, आणि इथून सांगितलेले काम ती तिथे करते, याचे माझ्या धाकट्याला इतके नवल वाटले की त्या दिवसापासून त्याला यंत्रमानवाचे वेडच लागले. वर्षभराने, २०२४ च्या श्रावणात, त्याचा आठवा वाढदिवस आला. तेव्हा त्याने एकच मागणी केली, “आई, यंत्रमानवाचा वाढदिवस करायचा.”

त्याच्या वर्गातल्या एका मुलाकडे तसा थाट झाला होता. मी सजावट करणाऱ्यांकडे चौकशी केली, तर साडेतीन हजारांपासून पुढे! त्या महिन्यात थोरलीची फी भरायची होती. आमच्या घरचे म्हणाले, “पुढच्या वर्षी करू.” पण आठवे वर्ष पुढच्या वर्षी येत नाही. मी म्हटले, “मी घरीच करते.”

आता साहित्य सांगते. हल्ली घरोघर पार्सले येतात आणि रिकामी खोकी जिन्याखाली साठतात. ती मागायला मी शेजारी फिरले. कोणी नाही म्हणाले नाही. उलट अडगळ गेली म्हणून चहा पाजला. एक मोठे खोके धडासाठी, एक लहान डोक्यासाठी, दोन उभट पायांसाठी. कापडाच्या दुकानात तागे ज्यावर गुंडाळलेले असतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या मिळाल्या, त्यांचे हात केले. बाटल्यांची बुचे, दोन जुन्या सीडी, चहाचे दोन कागदी पेले आणि मागच्या वर्षीची दिनदर्शिका एवढे घरातच होते. विकत घेतले ते असे : स्वयंपाकघरात वापरतात तो चंदेरी कागद ६० रुपये, घोटीव कागद ५०, रंगाच्या बाटल्या ७०, ब्रश २० आणि सुतळी २०. एकूण २२० रुपये. थर्माकोल मुद्दामच आणला नाही. आपल्या राज्यात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, आणि ती नसती तरी त्याचा चुरा घरभर उडतो तो कोणाला झाडावा लागतो हे मी तुम्हाला काय सांगू!

चिकटवायला खळ केली. तीन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्या. दीड पेला पाणी उकळत ठेवून त्यात तो हळूहळू ओतावा आणि हात न थांबवता ढवळावे. पिठाचा पांढरेपणा जाऊन लकाकी आली की उतरवावी. किडीसाठी काही लोक खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे; ज्या घरात मुले तोंडात बोटे घालतात तिथे ते नकोच. सासूबाई पूर्वी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करीत. त्या लगद्यात मेथ्या भिजवून वाटून घालीत, कीड लागू नये म्हणून. त्यांनीच मला थोड्या मेथ्या वाटून दिल्या. वास येतो खरा, पण दोन दिवसांत जातो.

रात्री सगळे निजले की मी कामाला लागे. खोक्यावर खोके बसवले, सुतळीने आतून आवळले, बाहेरून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. पायांच्या खोक्यांत खाली मिठाच्या दोन पिशव्या ठेवल्या, म्हणजे तो पुढे कलंडत नाही. मग सगळ्या अंगाला खळ फासून चंदेरी कागद बसवला. चार रात्री असे चालले होते. मुलांना मी हात लावू दिला नाही. “खराब कराल,” म्हणे. मनातून काय होते ते आज कबूल करते. ज्यांच्याकडे तो थाटाचा वाढदिवस झाला होता त्या मुलाची आईही येणार होती. तिने पाहावे आणि “हे विकत आणले का?” असे विचारावे, एवढीच माझी इच्छा होती. वाढदिवस मुलाचा होता, आणि मी चालले होते स्वतःची परीक्षा द्यायला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी धाकट्याने हळूच जाऊन यंत्रमानवाच्या छातीला बोट लावून पाहिले. आतला पुठ्ठा ओला होता. बोट आत गेले आणि वरचा कागद वीतभर फाटला. मी चार रात्रींची जागलेली. मागचापुढचा विचार न करता त्याला एक चापट दिली. तो रडला नाही. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, “मला नको यंत्रमानव. तो तुझाच आहे.”

मैत्रिणींनो, ती चापट त्याच्या गालाला लागली त्याहून जास्त मला लागली.

संध्याकाळी थोरली शाळेच्या निबंधाची तयारी करीत होती. तिने वाचून दाखवले, की रोबॉट हा शब्द कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या एका नाटकातून आला. तो शब्द त्याला त्याच्या भावाने सुचवला. त्यांच्या भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ, सक्तीने करून घेतलेले काम. त्या नाटकातले रोबॉट काही पत्र्याचे नव्हते. माणसासारखेच दिसणारे, पण फक्त राबण्यासाठी बनवलेले. सासूबाई वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे वेठबिगारच की. मग चार रात्री आपल्या घरात रोबॉट कोण होता, तो खोक्यातला की ही?” सगळे हसले, मीही हसले, पण धाकटा हसला नाही. मग मी त्याला जवळ घेतले आणि म्हटले, “चुकले माझे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तो यंत्रमानव गुडघ्यांत वाकून भिंतीला टेकून बसलेला! कारण माझ्या लक्षात आले ते सांगते, कारण पावसाळ्यात तुम्हीही हीच चूक कराल. चंदेरी कागदातून ओल बाहेर जात नाही. मी अंगभर खळ फासून वरून तो कागद गच्च बसवला, त्यामुळे खळीचे सारे पाणी पुठ्ठ्यातच मुरले आणि पुठ्ठा मऊ पडला. बाहेर श्रावणाची झड, वाळणार तरी कसे?

धाकट्याने त्याला पाहिले आणि म्हणाला, “आई, तो दमलाय.” दोन दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

पाहुणे यायला दहा तास होते. मी पोळ्यांचे काम थोरलीवर सोपवले, आळीतल्या चार मुलांना बोलावले आणि सगळा चंदेरी कागद सोलून काढला. खोकी पंख्याखाली ठेवली आणि वरून सुती फडके घालून बेताच्या गरम इस्त्रीने शेकली. पायांची खोकी मात्र कामातून गेली होती, ती नवी घेतली. मग नवी रीत धरली. कागद आधी हाताने चुरगळायचा आणि मग सरळ करायचा. त्यामुळे सुरकुत्या सगळीकडे सारख्या दिसतात, आणि मुलांच्या हातून पडलेली आणखी एखादी चुणी त्यांत खपून जाते. खळ फक्त कडांना लावायची आणि कड आतल्या बाजूला दुमडायची. मधला भाग कोरडाच राहू द्यायचा.

बाकीचे सगळे मुलांनी केले. बुचांची बटणे झाली, सीडीचे डोळे, पेल्यांचे कान. दिनदर्शिकेतले मोठे आकडे कापून छातीवर चिकटवले. त्यात दोन अमावास्या आणि एक संकष्टीही आली. फाटलेला कागद फेकू दिला नाही. धाकट्याने त्यावर लाल फुली काढलेली पट्टी लावली आणि सांगितले, “याचे ऑपरेशन झाले आहे.” एक हात लांब आणि एक आखूड झाला. मी कात्री घेऊन उठले होते, पण सासूबाईंनी डोळ्यांनीच खूण केली, तशी बसले.

पताकांची एक सोपी युक्ती सांगते. घोटीव कागदाची लांब पट्टी पंख्यासारखी चुण्या घालून दुमडावी. वरच्या घडीवर एकच यंत्रमानव काढावा, पण त्याचे दोन्ही हात घडीच्या दोन्ही कडांना टेकले पाहिजेत. कापताना हात टेकलेल्या जागी कात्री लावू नये. उलगडले की हातात हात धरून उभी असलेली रांग निघते. फार घड्या घालू नयेत. सहा-सातांच्या पुढे कात्री चालत नाही. बुटांच्या खोक्याला सोनेरी कागद आणि डब्यांची सहा झाकणे लावून प्रज्ञान गाडी केली, तीत खाऊच्या पुड्या ठेवल्या. ढोकळ्याच्या चौकोनी वड्यांना मटारचे डोळे लावले. ती कल्पना थोरलीची.

एक सूचना मात्र गंभीरपणे करते. सगळी सजावट कागदाची असते. औक्षणाचे तबक, केकवरची मेणबत्ती आणि समई तिच्यापासून पाच-सहा हात दूर ठेवावी. खोक्याच्या आत दिवा लावून डोळे चमकवण्याच्या मोहात पडू नये.

संध्याकाळी पाहुणे आले. जिच्यासाठी मी चार रात्री जागले होते ती बाईही आली. तिने यंत्रमानवाकडे पाहिले. विकत आणला का, असे काही तिने विचारले नाही. ते विचारण्यासारखे त्यात काही उरलेच नव्हते. तिच्या मुलाने मात्र तो लांब हात धरला तो सोडीना. निघताना ती माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आमच्याकडे सजावटवाल्यांनी मुलांना जवळ फिरकू दिले नाही. वहिनी, मला ही खळ शिकवाल?” मी काय उत्तर देणार? तिच्या घरी सजावटवाले होते, माझ्या घरी मीच होते. मुलांना लांब ठेवण्यात दोघांत काही फरक नव्हता.

तो यंत्रमानव अजून आमच्याकडे आहे. आखूड हात दोनदा निखळला, दोन्ही वेळा धाकट्यानेच बसवला. शाळेतून आला की लांब हातावर तो दप्तर अडकवतो. झाडताना मला त्याच्याभोवतीने झाडावे लागते, आणि कुरकूर न करता मी ते करते.

तुम्हाला माझे सांगणे एवढेच, की घरी करा, स्वस्तात करा, पण मुलांच्या हातांनी होऊ द्या. त्याला दोन दिवस जास्त लागतील आणि जमीन चिकट होईल. तेव्हा थोडे आधी सुरू करा आणि पावसाळा असेल तर खळ बेताने लावा. येत्या शनिवारी दुपारी याच खोलीत मी खळ करून दाखवणार आहे. खोकी आणा, आणि मुलांनाही आणा.