खंदकापलीकडची पवनी

पवनीची वस्ती वीस-बावीस हजारांची. भंडाऱ्याहून दक्षिणेला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी असलेलं हे तालुक्याचं गाव. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे एसटी येते. स्टँडवर उतरल्यावर चहाची टपरी, खताची दुकानं, मोबाईलची दुकानं, सगळं चारचौघांसारखंच दिसतं. आणि मग समोर येतो तो खंदक. गावाला तीन बाजूंनी वेढणारा, मातीच्या उंच तटाखालचा प्रचंड खंदक. चौथ्या बाजूला खंदक नाही, कारण तिकडे नदीच आहे. एवढ्याशा गावाला एवढा बंदोबस्त कुणी आणि कशासाठी केला असेल, हा प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्याला पडतोच. पवनीकरांना तो पडत नाही. त्यांच्या लेखी खंदकाचा एक भाग म्हणजे बालसमुद्र तलाव आणि किल्ल्याचा दरवाजा म्हणजे जवाहर गेट.

या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते कुदळीला. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने मिळून पवनीत उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी या दोघांनी ते चालवलं. गावाच्या परिसरातल्या टेकड्या, ज्यांना लोक टेकड्याच समजत होते, त्या खणल्यावर विटांचे स्तूप निघाले. एक जगन्नाथ टेकडीत, दुसरा चांदकापूरला, ज्या टेकडीला सुलेमान टेकडी असंही म्हणतात. आकाराने हे स्तूप सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचे. सांची सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेच्या सहली तिथे जातात. तेवढ्याच मापाचं बांधकाम भंडारा जिल्ह्यातल्या टेकडीच्या पोटात होतं, हे मात्र विदर्भातल्याही फार थोड्यांना माहीत असतं.

स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याचे खांब आणि आडव्या पट्ट्या सापडल्या आणि त्यांवर ब्राह्मी अक्षरं होती. कठड्याचा हा भाग अमक्याने दिला, तो भाग तमक्या भिक्षुणीने दिला, अशा त्या नोंदी. म्हणजे हे काम कुण्या एका राजाच्या खजिन्यातून उभं राहिलेलं नव्हतं, लोकांनी वर्गणीने उभारलेलं होतं. आजही गावातल्या देवळाच्या फरशीवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. सवय जुनीच आहे.

या अवशेषांत एक खांब फार बोलका आहे. त्यावर झाडाखाली एक रिकामं आसन आहे आणि त्यापाशी पाच फण्यांचा नाग. खाली त्या नागाचं नाव कोरलंय, मुचलिंद. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानात बसले असताना वादळपाऊस सुरू झाला आणि या नागराजाने फणा पसरून त्यांचं रक्षण केलं, ही ती कथा. आसन रिकामं का, तर त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. झाड, पाऊल, आसन, चक्र यांवरूनच त्याचं असणं सुचवत. पुढे मथुरा-गांधाराकडे मूर्ती घडू लागल्या. पवनीचा शिल्पकार त्याआधीच्या पिढ्यांतला, भारहूत-सांचीच्या कारागिरांचा भाऊबंद.

आता प्रश्न असा की स्तूप इथेच का? त्याचं उत्तर नकाशात आहे. उत्तरेकडे विदिशा आणि उज्जैन, पूर्वेकडे दक्षिण कोसल म्हणजे आजचं छत्तीसगड, दक्षिणेकडे गोदावरीचं खोरं. या तिन्हींच्या मधोमध वैनगंगा येते. ती मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावी उगम पावते, भंडाऱ्यावरून खाली येते, पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. एवढी नदी ओलांडायची तर काठ उंच आणि टणक हवा, पुराच्या वर राहणारी वस्ती हवी. पवनीची जागा अगदी तशी. व्यापारी तांडा जिथे थांबतो, तिथे वस्ती वाढते. वस्तीत पैसा आला की विहारही येतो. शिवाय पवनीपासून फार दूर नाही अशा, नागपूर जिल्ह्यातल्या अडम गावी आणखी एका तटबंद प्राचीन नगराचे अवशेष निघाले. म्हणजे पवनी एकटीच भरभराटलेली नव्हती, हा सगळा पट्टाच त्या काळी गजबजलेला होता. अडमचे उत्खननकर्ते अमरेंद्र नाथ यांनी १९९४ साली पवनीतल्या हरदोलाला टेकडीचंही उत्खनन केलं.

या हरदोलालाबद्दल थोडं सांगायला हवं. हरदौल हा ओरछाचा सतराव्या शतकातला राजपुत्र. भावाच्या संशयापायी त्याला विष प्यावं लागलं अशी कथा आहे. तो बुंदेलखंडाचा लोकदेव झाला आणि लग्नकार्याचं पहिलं आमंत्रण आजही तिथे हरदौल लालाला जातं. पवनीच्या टेकडीचं नाव त्याच्याच नावासारखं आहे. ते उत्तरेकडून आलेल्या कुणा कुटुंबांबरोबर आलं असावं असं वाटतं. एका टेकडीवर जगन्नाथाचं देऊळ, दुसरीला सुलेमानाचं नाव, तिसरीला बुंदेली लोकदेवाचं. गावात जो कुणी नव्याने आला त्याला उंच जागा हवी होती, आणि पवनीतल्या उंच जागा आधीच कुणीतरी विटा रचून तयार ठेवलेल्या होत्या.

इतिहासाच्या अभ्यासकांना पवनीने आणखीही कोडी घातली. इथे पादुकांची एक शिळा मिळाली, तिच्यावर भार वंशातल्या भगदत्त राजाचं नाव आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो लेख प्रसिद्ध केला. दुसरा एक स्तंभ मिळाला, तो महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला छायास्तंभ. हे नाव सरळ सरळ परकं आहे. क्षत्रप म्हणजे गुजरात-माळव्याकडचे शक राज्यकर्ते. त्यांच्यापैकी एकाचं स्मारक वैनगंगेच्या काठावर का, यावर विद्वानांचा काथ्याकूट अजून संपलेला नाही. स्तंभ मात्र नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात निवांत उभा आहे. पुढे वाकाटकांचा काळ आला. दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट पवनीतही मिळाले. मौर्यांच्याही आधीपासून वाकाटकांपर्यंत सलग नांदलेली गावं महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील.

त्यानंतरची काही शतकं पुस्तकात फारशी दिसत नाहीत. ठळकपणे गाव पुन्हा दिसतं ते नागपूरकर भोसल्यांच्या काळात. आजचे घाट, मुरलीधराचं देऊळ, दत्ताचं देऊळ, दगडी पायऱ्या, या सगळ्यांवर त्या काळाची छाप आहे. वैजेश्वर घाट, दिवाण घाट ही नावं गावात रोजच्या बोलण्यातली. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक पवनीत आहे, एका शिळेवर चौफेर कोरलेला पंचमुखी गणपती. एवढी देवळं आणि एवढे घाट असल्यामुळे पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. आता खरं सांगायचं तर घाट असलेलं महाराष्ट्रातलं प्रत्येक दुसरं गाव कशाची ना कशाची काशी असतंच. पण वैजेश्वर घाटावरून पैलतीर पाहिलं की पवनीकरांना ही उपमा देण्याचा हक्क थोडा अधिक आहे, असं मानायला हरकत नाही.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि आप्पासाहेब भोसल्यांचं आसन डळमळलं. १८१८ साली इंग्रजी फौजेने पवनीचा किल्ला हल्ला करून घेतला. खंदकाचं लष्करी काम तिथे संपलं. इंग्रजी राजवटीत पवनीचं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीने, कापडाने. उमरेड आणि पवनीचे कोष्टी बारीक सुताची, रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी विणत. सरकारी गॅझेटिअरांनी या कापडाची मुद्दाम दखल घेतली, आणि त्याच दमात धंदा बसत चालल्याचंही लिहिलं. कारण १ जानेवारी १८७७ ला नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. सूत गिरणीचं, पुढे कापडही गिरणीचं. हातमागावरचे हात नागपूरच्या गिरणीत गेले. १९०१ च्या गणतीत पवनीची लोकसंख्या नऊ हजारांवर होती. म्हणजे शंभर वर्षांत ती दुपटीच्या थोडी पुढे सरकली. त्याच काळात नागपूर कुठल्या कुठे गेलं.

रेल्वेनेही पवनीला हात दाखवून पुढे जाणंच पसंत केलं. नागपूर-नागभीड ही छोटी लाईन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, तिच्यावर स्टेशन झालं, पण नाव ‘पवनी रोड’. स्टेशनच्या नावात ‘रोड’ असलं की गाव अजून दूर आहे हे समजायचं. तीही गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद झाली. मुंबई-कोलकाता मार्ग भंडाऱ्याकडून गेला, व्यापार तुमसर-गोंदियाकडे सरकला. नदी ओलांडण्याची जागा म्हणून मोठं झालेलं गाव, पूल दुसरीकडे झाल्यावर मागे पडलं. यात पवनीचा दोष नव्हता.

मात्र नदीने पवनीला सोडलं नाही. १९८८ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते, गावापासून वरच्या अंगाला काही किलोमीटरवर, गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा. पुढे तो अनेक हजार कोटींवर गेला आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, तेहतीस दरवाजे, अडीच लाख हेक्टरच्या आसपास सिंचनाचं लक्ष्य. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत कालवे जायचे होते. धान पिकवणाऱ्या मुलखाला पाण्याची ओढ असतेच. मालगुजारी तलावांवर जगणारा हा जिल्हा, पाऊस दगा देईल म्हणून सदा धास्तावलेला. म्हणून धरणाचं स्वागत झालं, आणि बुडीत क्षेत्रातल्या गावांनी मोर्चेही काढले. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. वर कुही आणि भंडारा तालुक्यातल्या गावांनी घरं सोडली, नव्या गावठाणात गेली. कोण प्रकल्पग्रस्त आणि कोण लाभधारक, ही यादी बनवता बनवता एक पिढी म्हातारी झाली.

नदीवर जगणाऱ्यांचं काय झालं, हे त्या यादीत कमीच दिसतं. वैनगंगेकाठचे ढीवर मासे धरत, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरवाड्या लावत. डांगर म्हणजे इकडचं कलिंगड-खरबूज. त्यासाठी उन्हाळ्यात पाणी आटून रेती मोकळी व्हावी लागते आणि ती कधी मोकळी होणार याचा अंदाज लागावा लागतो. आता तो अंदाज धरणाच्या दरवाज्यांवर अवलंबून आहे.

पाण्याची प्रतही बदलली. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदी वाहून नेते, नाग नदी कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. आंभोरा हे पाच नद्यांच्या संगमाचं तीर्थ. विवेकसिंधुकार मुकुंदराजांशी नातं सांगणाऱ्या स्थानांपैकी ते एक. शके १११० मधला ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ मराठीच्या आद्य ग्रंथांत गणला जातो. तर त्या संगमाखाली धरणाचं पाणी साचतं आणि त्याबरोबर शहराची घाणही साचते. जलपर्णी पसरते. नदीकाठच्या गावांनी याविरुद्ध पुष्कळ आवाज उठवला आहे.

आणि पूर. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, वरच्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं, गोसेखुर्दचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडले. भंडारा शहरात पाणी शिरलं आणि खाली पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरीच्या गावांनी दोन-तीन दिवस पाणीच पाहिलं. जुन्या पवनीची जागा ज्यांनी निवडली ते अशा पुराला ओळखून होते. म्हणून तर त्यांची वस्ती उंच काठावर होती. नवी घरं, नवी शेतं ज्या सखल जागी गेली, तिथे हिशेब चुकला.

अलीकडे पवनीचं नाव वाघांमुळेही घेतलं जातं. २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झालं. नागझिऱ्याहून चालत आलेला ‘जय’ हा वाघ इथे येऊन ठेपला आणि देशभरात गाजला. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही. त्याच्यासाठी पर्यटकांच्या गाड्या आल्या, रिसॉर्टच्या पाट्या लागल्या. त्यातले बहुतेक पवनीच्या गेटमधून जंगलात शिरतात आणि तिथूनच परत फिरतात. दोन हजारांहून अधिक वर्षांचं गाव शेजारीच आहे, याची त्यांना कल्पनाही नसते.

पवनीजवळच रुयाड-सिंदपुरीला आता नवा महास्तूप उभा आहे, जपानी बौद्धांच्या सहकार्याने बांधलेली महासमाधीभूमी. दर फेब्रुवारीत तिथे धम्ममहोत्सव भरतो, विदर्भातून आणि छत्तीसगडातून लोक येतात. ज्यांना पवनी पाहायची आहे त्यांनी त्या सुमारास जावं. ऊन सोसवतं. सकाळी जवाहर गेटने आत शिरून आधी तटावर चढावं, मग जगन्नाथ टेकडी, मग घाट. जाण्यापूर्वी किंवा आल्यावर नागपूरच्या अजब बंगल्यात रुपिअम्माचा स्तंभही पाहून घ्यावा. तटावर चढताना मात्र जपून. तिथली माती सुटी आहे, आणि कित्येक घरांच्या मागच्या भिंती थेट तटाला टेकलेल्या आहेत, तेव्हा वर जाण्याआधी घरच्यांना विचारलेलं बरं.