घास त्यांच्या हातानं जाऊ द्या

लकवा झालेल्या सासूबाईंना आपण मायेनं भरवतो. हातात जोर नसलेल्या लेकराला कपडेही आपणच घालतो. आम्हीही तेच करत होतो. पण न वापरलेला हात हळूहळू काम विसरतो.

यावर व्यवसायोपचार असतो. तो धंदा शिकवत नाही. जेवण, अंघोळ, कपडे, खेळ ही रोजची कामं आपली आपण करायला शिकवतो. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं.

घरी एवढं करा. चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करा, पकड बसते. ताटलीखाली ओलं फडकं ठेवा, ती सरकत नाही. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. जेवताना ताठ बसवा. ठसका लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

वेळ लागेल, सांडेल. आमच्या गटातल्या आजींचा पहिला घास अर्धा लुगड्यावर पडला. उरलेला त्यांनी स्वतः खाल्ला, आणि म्हणाल्या, "आता भाजी वाढ."