अमेरिकेचा इतिहास आणि आपला शिक्षक



आजचा विषय ऐकून मुदखेड, भोकर, उमरीकडच्या काही मंडळींना प्रश्न पडेल की, बाबा, आपल्याच गावच्या गढीचा इतिहास पोरांना धड सांगता येत नाही, तिथे सातासमुद्रापलीकडचा इतिहास कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी पुस्तकातून न देता आपल्या शिवारातून देतो.

आपण कापूस पिकवणारी माणसे. सन १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशा दोन भागांत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडची राज्ये गुलामांच्या श्रमावर कापूस पिकवीत, आणि इंग्लंडातील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. मग व्यापाऱ्यांची नजर वळली ती मुंबईकडे. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथल्या कापसाला कधी न मिळालेला भाव मिळाला. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पण पैनगंगेच्या पलीकडचे वऱ्हाड सन १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते आणि तिथला कापूस मुंबईला जात होता. मुंबईत तर पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. सन १८६५ मध्ये युद्ध थांबले, अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे दिसले, आणि भाव कोसळले. पेढ्या बुडाल्या.

पण खरी झळ पुढे खेड्यांना लागली. चढ्या भावाच्या काळात काढलेले कर्ज उतरत्या भावात फेडायचे होते. त्यात सरकारने जमिनीची फेरपाहणी करून सारा वाढवला. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. त्यानंतर सन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या दंग्यांचे कारण एकच नव्हते, पण अमेरिकेतील युद्ध त्या कारणांतले एक होते. तेव्हा जो शिक्षक दख्खनचे दंगे शिकवतो, त्याला अमेरिकेचे यादवी युद्ध ठाऊक नसेल, तर त्याच्या धड्याचे एक चाक निखळलेले राहते.

ही झाली मालाची गोष्ट. आता विचारांची पाहू.

सन १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. का, तर त्यांनी निग्रो लोकांना दास्यातून सोडवले म्हणून. पुण्यात बसलेला एक मनुष्य तिकडची घटना वाचतो आणि इकडच्या शूद्रातिशूद्रांच्या स्थितीशी ताडून पाहतो, हा इतिहासाचा खरा अभ्यास.

पुढे सन १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळणार होती, त्या समारंभाला. पण नुसता समारंभ पाहून त्या परतल्या नाहीत. त्यांनी तो देश हिंडून पाहिला, शाळा पाहिल्या, बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली, आणि सन १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक लिहिले. तिथला राज्यकारभार कसा चालतो, स्त्रियांची स्थिती कशी आहे, हे मराठी वाचकाला घरबसल्या कळावे हा त्यांचा हेतू. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. शिकलेले लगेच कामाला लावले, असे आपण म्हणू.

तिसरे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते सन १९१३ मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्राबरोबर इतिहासाचेही विषय त्यांनी तिथे घेतले. हा अभ्यास पदवीबरोबर संपला नाही. सन १९४६ मध्ये त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रो लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. आणि सन १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी ‘दलित पँथर’ काढली, तेव्हा ते नावही अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरूनच आले.

म्हणजे हा इतिहास आपल्या दारात येऊन गेलेला आहे. आता शिक्षकाकडे वळू. आपला शिक्षक पदवीला असताना अमेरिकेची राज्यक्रांती वाचतो, सन १७७६ पाठ करतो, परीक्षा देतो, आणि नोकरी लागली की ते पुस्तक माळ्यावर जाते. पुढची तीस वर्षे तो त्याच दोन पानांवर शिकवतो. दोष त्याचा नाही. नोकरीत असलेल्या माणसाला पुढे शिकण्याची सोय हवी, आणि ती चालवावी लागते.

गंमत अशी, की अशा सोयींचा इतिहासही अमेरिकेच्या इतिहासाचाच एक भाग आहे. सन १८७४ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील शटॉक्वा नावाच्या सरोवराकाठी रविवारच्या शाळांतील शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरला. तो वाढत गेला. चार वर्षांनी घरी बसून वाचण्याचा चार वर्षांचा क्रम त्यांनी आखून दिला, आणि गावोगाव लोक मंडळे करून एकत्र वाचू लागले. आपल्याकडे पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती सन १८७५ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच वर्षी! दुसरे उदाहरण टस्कगीचे. ‘एक होता कार्व्हर’ हे वीणा गवाणकरांचे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. गुलामाच्या पोटी जन्मलेल्या या कार्व्हरने सन १९०६ पासून एक गाडी सजवून शेतकऱ्यांच्या बांधावर शाळा नेली. कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग लावा, हे त्याने तिथे जाऊन दाखवले. ज्याला शाळेत येणे जमत नाही, त्याच्याकडे शाळेने जावे, हा त्यातला धडा.

आता आपल्या लोहमार्गावरची एक गोष्ट. मुदखेडहून गाडीत बसले की उमरी, धर्माबाद, बासर, निजामाबाद करीत गाडी हैदराबादेकडे जाते. त्या हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात सन १९६४ मध्ये अमेरिकन अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले. तिथे अमेरिकेचा इतिहास आणि वाङ्मय यांचे फार मोठे ग्रंथालय उभे राहिले. परिसंवाद होत, अभ्यासवर्ग होत, देशभरातून प्राध्यापक येऊन राहत. याला पैसा कुठून आला? वडीलधाऱ्यांना आठवत असेल, त्या काळात रेशनवर अमेरिकेचा गहू आणि तांबडी मिलो मिळे. पीएल ४८० या कायद्याखाली आलेल्या धान्याची किंमत आपण रुपयांत देत होतो, आणि ते रुपये इथेच साठत. अशा रुपयांचा आधार या केंद्राला होता. म्हणजे आपण खाल्लेल्या भाकरीतून ती पुस्तके आली, असे म्हटले तरी चालेल.

पण तिथे जाणारे बहुतेक महाविद्यालयीन प्राध्यापक आणि संशोधक. मराठी माध्यमाच्या शाळेतील मास्तरला ती पायरी चढणे कठीण. भाषा इंग्रजी, आणि शाळेची रजा कोण देणार? पुढे काळ बदलला, परदेशी पैसा आटला, केंद्राचे नाव आणि स्वरूप बदलले, आणि ते विद्यापीठाच्या व्यवस्थेत गेले. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. दुसऱ्याच्या पैशावर चाललेली सोय आपल्या हातात राहत नाही. आणि जी सोय आपल्या भाषेत नाही, ती शेजारी असूनही लांबच राहते.

मग आज काय करता येईल? पदवी वाढवायची असेल, तर मुक्त विद्यापीठाची वाट आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सन १९८९ पासून आणि दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ सन १९८५ पासून नोकरदारांसाठीच चालले आहे. ज्याला पदवी नको, नुसते ज्ञान हवे, त्याला मराठी विश्वकोश आहे. पहिला खंड सन १९७६ मध्ये निघाला. आता तो फोनवर फुकट वाचता येतो. ज्यांना इंग्रजी येते, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने मूळ कागद, जुनी वर्तमानपत्रे, छायाचित्रे सर्वांना खुली केली आहेत. गुलामांच्या विक्रीची जाहिरात आपण मुदखेडमध्ये बसून डोळ्यांनी पाहू शकतो. आमच्या पिढीला शिकताना हे मिळाले नव्हते.

परंतु एकट्याने वाचणे फार दिवस टिकत नाही, हा सर्वांचाच अनुभव. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक तालुक्यात, एखाद्या वाचनालयात, महिन्यातून एक रविवार दहा-बारा शिक्षकांनी बसावे. ज्याला इंग्रजी येते त्याने वाचून मराठीत सांगावे, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. गावकऱ्यांनाही दार उघडे ठेवावे. पाच बैठकींचा क्रम मी सांगतो.

पहिल्या बैठकीत रमाबाईंचे पुस्तक घ्या. दुसरीत सन १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. आणि तो लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली, हेही त्याच बैठकीत बोला. तिसरीत यादवी युद्ध आणि आपला कापूस. या दिवशी गावातील जुन्या शेतकऱ्याला बोलवा. चौथी बैठक सर्वांत महत्त्वाची. युद्धानंतर अमेरिकेने घटनेत तीन दुरुस्त्या केल्या: सन १८६५ मध्ये गुलामगिरी बंद, सन १८६८ मध्ये नागरिकत्व, सन १८७० मध्ये वर्णावरून मताचा हक्क नाकारण्यास मनाई. जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली ती या आशेच्या भरात. पण सन १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राच्या सैन्याचा पाठिंबा काढला गेला आणि दिलेले हक्क पुन्हा हिरावले गेले. डबे वेगळे, शाळा वेगळ्या, मतपेटीपाशी अडवणूक. पाचव्या बैठकीत सन १९५५ मधील माँटगोमेरीचा बसबहिष्कार, सन १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची भारतभेट आणि सन १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा घ्या.

चौथी बैठक महत्त्वाची का, ते सांगतो. कायदा झाला म्हणजे काम झाले असे आपणही समजतो. आपल्या घटनेने सन १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केली. वर्गात मुले हे वाक्य पाठ करतात. पण कागदावर मिळालेला हक्क हातात यायला किती वर्षे लागतात, मध्ये तो कसा निसटतो, आणि तो टिकवण्यासाठी कोणाला झिजावे लागते, हे दुसऱ्या देशाच्या उदाहरणावरून सांगितले तर मूल न रागावता ऐकते, आणि घरी जाताना आपल्याच गावाचा विचार करते. शिक्षकाला याहून मोठे साधन कोणते?

एक सावधगिरी मात्र हवी. अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी हा अभ्यास नको, आणि तिला शिव्या देण्यासाठीही नको. तिथल्या मूळ रहिवाशांना सन १८३० च्या कायद्याने घरादारातून हाकलले, हे सांगावे; गुलामगिरीविरुद्ध गोऱ्यांपैकीही कित्येक उभे राहिले, हेही सांगावे. दोन्ही गोष्टींना कागदाचा आधार द्यावा.

गुरुजनहो, वाचनालयाची किल्ली बहुधा आपल्यापैकीच कोणाकडे तरी असते. येत्या महिन्यातला एक रविवार ठरवा, चौघे आले तरी बैठक भरवा, आणि पहिले पुस्तक उघडा.